ऑटो, मॅन्युअल, बंद

३ फेब्रुवारी

लाईट कधी जाते, किती वेळ जाते आणि त्या वेळात बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा किती दिसतो, हे रोज लिहून ठेवा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. म्हणून ही वही. प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदी ठेवायची सवय आहे, त्यामुळे जड जाऊ नये.

वही त्या बघणार म्हणून स्पष्ट लिहिते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना ऑक्सिजनचं मशीन सतत लागतं. लाईट गेली की जनरेटर आधी माझे यजमान चालवायचे, आता मी चालवते.

आज दोनदा गेली. आकडा एक्क्याण्णवच्या खाली आला नाही.

७ फेब्रुवारी

ही वही डॉक्टरीणबाईंना दाखवता येणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा कागद केला आहे. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींनाही बोलायचं नसतं. मग कुठेतरी लिहिलं जातं.

लाईट गेली की मशीन शिट्टी मारतं. मी सिलिंडर उघडून आईंची नळी त्याला लावते, बाहेरच्या जिन्याने उतरून मागच्या शेडमध्ये जाते, डिझेलचा कॉक उघडते, किल्ली फिरवते, आवाज एकसारखा होईपर्यंत थांबते आणि मग भिंतीवरचा मोठा खटका जनरेटरकडे ओढते. लाईट परत आली की सगळं उलट. शेवटी इंजिन फडक्याने पुसायचं, कॉक बंद करायचा, कडी लावायची. कॉकच्या बाबतीत हे फार काटेकोर होते. पूर्वी एकदा नळी गळून शेडभर डिझेल झालं होतं, तेव्हापासून. आता माझाही हात न सांगता तिकडे जातो.

इन्व्हर्टर होता, पण लाईट लांबली की तो मध्येच मान टाकायचा. दिवसाची बाईही ठेवून पाहिली. पहिल्याच दिवशी इंजिन धडधडलं तशी ती पदर खोचून निघाली, ती पगारालाही आली नाही.

मशीनची शिट्टी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत ऐकू येते. ह्यांचे दिवस झाले आणि नातेवाईक परत गेले, तेव्हापासून मी त्या दुकानाच्या पुढे गेलेले नाही.

११ फेब्रुवारी

दुपारभर लाईट नव्हती. शेडमध्ये धूर फार कोंडतो. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. तरी इंजिन नीट चालतंय ना ते बघत मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. वर आले तर आईंचं नाक लाल झालेलं, डोळेही सुजल्यासारखे. जनरेटरवर मशीन चालताना त्यांना असं नेहमी होतं, लाईटवर होत नाही. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ते लिहून ठेवलं. विचारायला हवं.

ह्यांनी शेवटचं आणलेलं डिझेल आज संपलं. आणलेलं म्हणणं बरोबर नाही. पंपावरून परत येताना रस्त्यातच त्यांना झटका आला. स्कूटर आणि कॅन नंतर कुणीतरी घरी पोचवलं. कॅन भरलेला होता आणि झाकण घट्ट लावलेलं होतं. आज तो रिकामा झाल्यावर धुवायला घेतला, मग तसाच ठेवला. नवीन डिझेल खालचा शिंपी दुसऱ्या कॅनमधून आणून देतो म्हणाला.

१५ फेब्रुवारी

ऑफिसातून मॅडमचा फोन. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "बाई, मला सगळं समजतं. पण बिनपगारी रजा पंधरा मार्चच्या पुढे वाढणार नाही. त्या दिवशी तुम्ही हजर झाला नाहीत तर ती जागा भरतील, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आईंनी विचारलं, "ऑफिस का?"

"हो."

"बोलावतायत ना? मग जा."

"तुमच्याजवळ कोण थांबेल?"

"माझ्याजवळ कोण कशाला हवं? मी काय पळून जाणार आहे?" त्यांनी नाकातल्या नळीला बोट लावलं. "हे दावं आहे की बांधलेलं."

दावं त्यांच्या नाकात आहे. दुसरं टोक कुणाला बांधलंय, ते मी बोलले नाही.

नोकरी गेली तर मी या दोन खोल्या आणि ती शेड एवढ्यातच राहीन. आईंच्या समोर हे मनात आणणंही बरं वाटत नाही. कारण मी सुटायचं तर काय व्हायला लागेल, हे त्यांनाही कळतं.

१७ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. धाकटे दीर दूरच्या शहरात असतात. आईंनी स्पीकर लावायला लावला.

"वहिनी, दोनच रस्ते आहेत. एक तर आईला मी इकडे आणतो. नाहीतर जनरेटरला ऑटोमॅटिक मॉड्यूल बसवून घ्या. लाईट गेली की तेच इंजिन सुरू करतं, लाईट आली की तेच बंद करतं. कुणी हात लावायला नको."

"मॉड्यूल बसवा," आई म्हणाल्या.

"आई, इकडे यायला काय हरकत आहे?"

"तुझ्या घरात खोकायचं म्हटलं तरी आधी विचारावं लागतं."

"असं कुणी म्हटलं तुला?"

"कुणी नाही रे. तुझी बायको गुणाची आहे. तिचे पडदेच इतके चांगले आहेत की मला अवघडायला होतं."

भाऊजी हसले. मीही जरा हसले. मग आम्ही दोघी गप्प झालो, कारण अशा वेळी हसणारा तिसरा माणूस खोलीत असायचा.

२० फेब्रुवारी

मॉड्यूल बसवणारा मिस्त्री आला नाही. काल म्हणाला उद्या येतो, आज म्हणाला उद्या येतो. आईंनी त्याचं नाव 'उद्या' ठेवलं आहे. खालच्या शिंप्यालाही त्या असंच काहीतरी म्हणतात, पण त्याला ते आवडतं म्हणून तो मुद्दाम जिन्यात थांबून ऐकतो.

२२ फेब्रुवारी

"उद्या आज कसा उगवला?" आईंनी विचारलं. मिस्त्रीला काही कळलं नाही. तो म्हणाला, "बरं आहे, आजी."

दिवसभर त्याचं काम चाललं. शेडच्या भिंतीवर आता एक नवं पॅनल आहे, तीन दिवे आणि एक खटका. हिरवा म्हणजे बाहेरची लाईट आहे, पिवळा म्हणजे जनरेटर चालू, लाल म्हणजे बिघाड. खटक्यावर ऑटो, मॅन्युअल, बंद अशा तीन जागा आहेत. ऑटोवर असलं की लाईट गेल्यावर मॉड्यूल थोडं थांबतं, इंजिन फिरवून बघतं, नाही सुरू झालं तर पुन्हा फिरवतं, आणि तिसऱ्यांदाही नाही झालं तर लाल दिवा लावून गप्प बसतं. मी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. त्याचा फोन सारखा वाजत होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तो अर्धी मला आणि अर्धी फोनवरच्या माणसाला सांगत होता.

"आणि ताई, हा डिझेलचा कॉक आता बंद करायचा नाही. कायम उघडा. बंद असला तर मॉड्यूल बिचारं काय करणार?" हे त्याने दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

मग त्याने मेन पाडून दाखवला. मी वर आईंजवळ उभी होते. मशीनने शिट्टी मारली. माझे पाय दाराकडे निघाले होते, तेवढ्यात खाली इंजिन सुरू झालं, खटका पडल्याचा आवाज आला आणि मशीन पुन्हा घुमायला लागलं. कुणीही काहीही केलं नव्हतं. इंजिन धडधडत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

"जा की खाली," आई म्हणाल्या.

"आता जायला लागत नाही, आई."

"तरी बघून ये. नवीन आहे. ये जरा वेळाने."

मी गेले. मलाही बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

खटका सध्या मॅन्युअलवर ठेवला आहे. नव्या वस्तूवर लगेच विसंबू नये. लाईट गेली की मी पूर्वीसारखीच खाली जाते, सुरू करते, नंतर बंद करते, आवरते. आज तीन वेळा जाऊन आले.

६ मार्च

मिस्त्री दुसऱ्याच कामासाठी गल्लीत आला होता, डोकावून गेला. खटका बघून कपाळाला हात लावला.

"ताई, हे म्हणजे नवी गाडी घेऊन ढकलत नेणं झालं."

"विश्वास बसेपर्यंत ठेवलंय."

"तुमचा विश्वास बसेपर्यंत त्याची वॉरंटी संपेल."

तो गेल्यावर आईंनी विचारलं, "पंधरा तारीख कधी आहे गं?" तारीख त्यांना माहीत होती. मी म्हटलं, मंगळवारी ऑफिसात जाऊन मॅडमना भेटून येते. अर्ध्या दिवसाचं काम. ऑटोवर ठेवून जाते, म्हणजे तेही कळेल. शिंप्याकडे किल्ली देऊन ठेवते.

"सावकाश ये," आई म्हणाल्या. "बाजारातून एक चक्कर मारून ये. सारखी तोंडासमोर बसून माझा श्वास मोजत असतेस."

९ मार्च, सकाळी

इस्त्रीची साडी नेसले आहे. ब्लाउज सैल होतो. आईंनी नाश्ता नीट केला, आकडा चौऱ्याण्णव. सिलिंडर पलंगाशी ओढून ठेवला आहे. मघाशी खाली जाऊन इंजिन हाताने सुरू करून बघितलं, एका दमात लागलं. बंद केलं, फडक्याने पुसलं, कॉक फिरवला, कडी लावली. खटका ऑटोवर. हिरवा दिवा आहे. सगळं व्यवस्थित झालं. निघते.

९ मार्च, संध्याकाळी

सकाळची साडी अजून अंगावरच आहे. आधी हे लिहून काढते.

मॅडमच्या टेबलाशी बसले होते. चहा आला होता. शिंप्याचा फोन आला. "ताई, घाबरू नका, या."

त्याने सांगितलं ते असं. लाईट गेली. मागे इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा घरघरलं. तिसऱ्यांदा घरघरून गप्प झालं, आणि वरची शिट्टी काही थांबेना. तो कापडाला टाके घालत होता तो तसाच उठून वर धावला. आई पलंगावरून घसरून सिलिंडरपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. सिलिंडरची चावी दोन्ही हातांनी धरलेली, पण ती फिरत नव्हती. ती घट्ट मीच बंद करते. शिंप्याने आधी उलटी फिरवली, मग सुलटी. आकडा चौऱ्याहत्तर झाला होता. ओठ निळे पडले होते असं तो म्हणाला, आणि नंतर म्हणाला, मला वाटलं असेल.

मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आई डोळे मिटून होत्या, पण आकडा वर आला होता. मी शेडमध्ये गेले. पॅनलवर लाल दिवा. कॉकचा दांडा आडवा, म्हणजे बंद होता.

मी तो उभा केला. खटका मॅन्युअलवर आणून किल्ली फिरवली. जरा घरघरून इंजिन सुरू झालं.

वर आल्यावर शिंप्याने विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "कळत नाही."

१० मार्च

सगळे मिस्त्रीला बोलत आहेत. शिंपी म्हणतो, फोनवर बोलत बोलत तारा जोडल्या तर दुसरं काय होणार. भाऊजी फोनवर ओरडत होते. त्याच्यावर केस करतो म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, आता चर्चा नको. रविवारी गाडी पाठवतो, आईला घेऊन येतो. तुम्हीही मोकळ्या व्हाल, बिनघोर नोकरी करा."

मोकळ्या व्हाल. तो शब्द दिवसभर डोक्यात फिरत होता. आई जातील, मशीन जाईल, शिट्टी वाजणार नाही. मी ऑफिसातून कुलूप उघडून घरी येईन. जनरेटर विकून टाकता येईल.

आई तिथेच भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

११ मार्च

मिस्त्री आला. त्याने सगळ्या तारा उघडून बघितल्या, बॅटरी तपासली, मेन चार-पाच वेळा पाडून बघितला. दर वेळी इंजिन लागलं. दोष सापडत नव्हता म्हणून तो जास्तच घाबरला होता. फोन वाजला तर उचलला नाही. जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "मॉड्यूल बदलून देतो ताई. माझ्या पदरचं. आजींचं काही बरंवाईट झालं असतं तर मी कुठे गेलो असतो?"

मी त्याला पाणी दिलं. तेव्हाही सांगितलं नाही.

१२ मार्च

दुपारी आईंचे केस विंचरत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून बोलता आलं.

"आई, कॉक मी बंद केला होता."

"माहीत आहे."

माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "विंचर. डिझेल न मिळता इंजिन घरघरतं तो आवाज मी ओळखते. तोही कधीकधी उघडायला विसरायचा, आणि मग स्वतःलाच शिव्या घालायचा. इथवर ऐकू यायच्या."

"मग भाऊजींना का नाही सांगितलंत?"

"मला एक कळत नव्हतं. चुकून झालं, की तुला जायचंच नव्हतं."

मी म्हटलं, जायचं होतं. मग म्हटलं, ती ह्यांची सवय होती, माझा हात गेला.

"त्याची सवय," आई म्हणाल्या. त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "त्याचं जे जपून ठेवायचं ते ठेव. पण मी अजून फोटोत गेलेले नाही. मला हवा लागते."

"चुकलं माझं."

"चुकलं. आणि त्या 'उद्या'चं दोन दिवस रक्त आटवलंस, तेही चुकलं. फोन लाव."

भाऊजींना मीच सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "वहिनी, मग तर आईला इकडे आणायलाच पाहिजे." ते योग्यच बोलत होते.

आईंनी फोन मागून घेतला. "गाडी पाठव," त्या म्हणाल्या. "रिकामी परत जाईल, तेवढा ड्रायव्हरला जेवायला घालीन. हे बघ, मी पडले तेव्हा तिच्या चुकीने पडले, खरं आहे. पण तुझ्याकडे मी कुणाच्याच चुकीने पडणार नाही, नुसती पडून राहीन. मला इथे राहायचंय. आणि तिला कामावर जायचंय. दोन्ही व्हायला पाहिजे."

फोन ठेवल्यावर त्यांना धाप लागली. मी पाठीवर हात फिरवला. त्यांनी तो झटकला नाही.

१३ मार्च

मिस्त्रीला बोलावून सांगितलं. तो मटकन शेडच्या पायरीवर बसला.

"ताई, तुम्हाला कल्पना नाही. दोन दिवस माझी बायको मी जेवताना टक लावून बघतेय, असा माणूस जेवतो तरी कसा म्हणून."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या. पण हे तिला एकदा तुमच्या तोंडून सांगा." मी त्याच्या फोनवरून तिला सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं. फोनवर बोलत बोलत काम करतात ते मात्र खरंच आहे ना?" मी खरं ते सांगितलं.

मग त्याने कॉकचा दांडाच काढून टाकला. आता पक्कड घेतल्याशिवाय तो बंद होणार नाही. लाल दिव्याबरोबर वाजेल अशी एक घंटा त्याने शेडमधून तार ओढून शिंप्याच्या दुकानात, त्याच्या डोक्यावर बसवली. सिलिंडरची चावी सैल लागेल अशी करून घेतली, आणि शिंप्याकडून ती डोळे मिटून फिरवून घेतली. शिंपी म्हणाला, "परीक्षा पास झालो, आता शर्ट शिवू का?"

दांडा मी हातात घेऊन उभी होते. आईंनी वरून हाक मारली आणि मागून घेतला. उशीखाली ठेवला. "लागला तर माझ्याकडे मागायला ये. बघू देते का."

१५ मार्च

निघताना इंजिन पुसलं, कडी लावली. मध्ये हात थोडा हवेत राहिला, तेवढंच. खटका ऑटोवर, हिरवा दिवा.

झेरॉक्सच्या दुकानापाशी मी थांबले. दुकानदार म्हणाला, "आज लांबचा बेत दिसतो." मी हो म्हटलं आणि पुढे गेले.

माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या बरण्या होत्या, त्या मॅडमनी हलवून दिल्या. हजेरीवर सही केली. नमुने बरेच साठले होते. फोन समोर उघडा ठेवला होता. तो वाजला नाही. दुपारनंतर मी त्याच्याकडे बघायचं विसरले, आणि ते लक्षात आलं तेव्हा दचकले.

परत आले तेव्हा शिंपी दुकान आवरत होता. "ताई, झकास. भर दुपारी लाईट गेली ती तासाभराने आली. पण तुमचं इंजिन एका दमात लागलं. घंटा नाही, काही नाही. मी जिन्यातून बघून आलो, आजी आतून म्हणाल्या, मी बरी आहे, वर येऊ नकोस."

मी जिना चढले, कुलूप उघडलं. आतून घाईघाईने काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. आईंनी उशी उलटी केलेली होती. तोंड नुकतंच धुतलेलं होतं, कानाशी केस ओले होते.

"लाईट गेली होती का?" मी विचारलं.

"नाही. आज एकदाही नाही." आवाज बसलेला होता.

मला आधी वाटलं, वयामुळे विसरल्या असतील. पण त्या काही विसरत नाहीत. इंजिनाच्या आवाजात रडलं तर कुणाला ऐकू जात नाही, हे मलाही शेडमुळे माहीत आहे. मी चहा टाकला. त्यांनी ऑफिसातलं एकेक विचारून घेतलं, कोण कोण भेटलं, माझ्या जागेवर कोण बसत होतं. मी सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

१६ मार्च

आज परत येताना किल्ली हातात होती, तरी आधी बेल वाजवली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग तांब्याचा. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. घाई नव्हती.

"ये गं," असं आतून आलं, तेव्हा कुलूप उघडलं.